ओटीवरची रेघ आणि मनूचा मासा: प्रलयकथेवर वाद घालायचा तर

चिपळूणला आमच्या ओटीच्या भिंतीवर दोन रेघा आहेत. खालची २६ जुलै २००५ ची, वरची २२ जुलै २०२१ ची. वरची रेघ जमिनीपासून सात फूट अकरा इंचांवर आहे. हे आज ठामपणे सांगते, कारण टेप लावून मोजलंय. पूर ओसरल्यावर दहा-बारा दिवस मात्र मी भेटेल त्याला "आमच्याकडे दहा फूट पाणी होतं" असं सांगत होते. खोटं बोलायचं मनातही नव्हतं. माळ्याच्या जिन्यावर बसून खाली आपलं कपाट आडवं होऊन तरंगताना बघितलं की ते पाणी दहा फुटांचंच वाटतं. भिंतीला रंग काढायच्या आधी भाच्याने टेप धरली, आकडा वाचला, आणि मी गप्प झाले.

एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. आता पावसाळ्यातल्या रविवारी दुपारी आमच्या पडवीत चार माणसं जमतात. शेजारचे अप्पा कीर्तन करतात, भागवताचे अध्यायच्या अध्याय त्यांना पाठ आहेत. गोवळकोटचे चाचा सारी उमर बोटीवर होते, त्यांना पाणी माझ्याहून जास्त कळतं. भाचा इंजिनियर आहे आणि कशावरही चटकन विश्वास ठेवत नाही. आणि अलिबागकडची माझी बी.एड.ची मैत्रीण वर्षातून एकदा आठवडाभर राहायला येते. ती बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातली, ज्यांना आपल्याकडे पूर्वी शनिवार तेली म्हणत. हे चौघं एकत्र आले आणि बाहेर पाऊस धरला की विषय निघतोच: मनूचा मासा, नोहाचं तारू, नूह पैगंबरांची किश्ती. ते खरंच घडलं का? लिहिलंय तसं, अक्षरशः?

हा वाद बिघडताना मी पाहिलाय. एका कार्यक्रमात याच विषयावरून दोन जुने सोबती असे भिडले की पुढे वर्षभर एकमेकांच्या दारात गेले नाहीत. त्याच दोघांनी २०२१ च्या पहाटे शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या म्हाताऱ्या माणसांना पाठुंगळी घेऊन गच्चीवर चढवलं होतं. म्हणून हे लिहायला बसले. वाद जरूर घाला, फार मोलाचा विषय आहे. पण तो घालायची रीत आहे, आणि ती मला बऱ्याच चुका करून सापडली.

आधी विचारा, बसलोय कशाला

आपल्या न्यायशास्त्राने याचं काम फार पूर्वीच करून ठेवलंय. गौतमाच्या सूत्रांत बोलण्याचे तीन प्रकार सांगितलेत. वाद म्हणजे दोघांनाही खरं काय ते हवंय, दोघंही प्रमाण देतात. जल्प म्हणजे जिंकायचंय, त्यासाठी शब्दांची चलाखीही चालेल. वितंडा म्हणजे स्वतःचं काहीच म्हणणं मांडायचं नाही, समोरच्याचं तेवढं मोडायचं. पडवीत बसल्याबरोबर मी हे तिन्ही शब्द म्हणते आणि विचारते, आज यातलं काय? ऐकायला बाळबोध वाटेल, पण मोठ्याने "वाद" म्हटल्यावर माणसाला जल्पावर उतरायला जरा जड जातं.

दुसरी गोष्ट, पूर्वपक्ष. समोरच्याचं म्हणणं त्याला पटेल अशा शब्दांत आधी तुम्ही मांडायचं. त्याने "हो, हेच म्हणतोय मी" म्हटलं की मग तुमची पाळी. भाच्याला हे सुरुवातीला अजिबात जमत नसे. तो म्हणायचा, "अप्पांचं म्हणणं असं की माशाला शिंग होतं." अप्पा म्हणायचे, "हे माझं म्हणणंच नाही." त्यांचं म्हणणं असं, की ज्याने स्वतः पाळलेला एवढासा जीव वाढू दिला, त्यालाच त्या जिवाने तारलं, आणि हे घडलं म्हणून आपण आहोत. यातलं "घडलं" एवढंच वादाचं. ते नीट सुटं करायला आम्हाला दोन रविवार लागले.

मूळ कथा समोर ठेवून वाचा

बहुतेक भांडणं न वाचलेल्या कथांवरून होतात. चौघांनीही आपापली कथा लहानपणी ऐकलेली असते आणि ऐकलेलीत भर पडलेली असते.

मनूची कथा सगळ्यात जुन्या रूपात शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात आहे, पहिल्या कांडात. सकाळी मनूला हात धुवायला पाणी आणून दिलं. धुताना ओंजळीत एक चिमुकला मासा आला. मासा म्हणाला, "बिभृहि मा, पारयिष्यामि त्वा." मला सांभाळ, मी तुला पार नेईन. कशापासून, तर म्हणे एक ओघ येईल तो या सगळ्या प्रजा वाहून नेईल. मोठे मासे लहानांना खातात, म्हणून मला आधी घड्यात ठेव, मग खड्ड्यात, मग समुद्रात. पुढे ओघ आला, मनूने नावेचा दोर माशाच्या शिंगाला बांधला, मासा त्याला उत्तरेच्या डोंगराकडे घेऊन गेला. तिथे झाडाला नाव बांध, आणि पाणी उतरेल तसा हळूहळू खाली उतर, असं माशाने सांगितलं. मनू एकटाच उरला.

ही गोष्ट मी अप्पांना पहिल्यांदा वाचून दाखवली तेव्हा ते थांबून म्हणाले, "आणि सप्तर्षी?" नाहीत. वासुकीचा दोर? नाही. वेद पळवणारा हयग्रीव? तोही नाही. हा मासा विष्णू आहे असंही तिथे म्हटलेलं नाही. महाभारताच्या वनपर्वात मनूबरोबर सप्तर्षी आणि सगळी बीजं नावेत येतात, आणि मासा सांगतो की मी प्रजापती ब्रह्मा. भागवताच्या आठव्या स्कंधात राजा सत्यव्रत आहे, द्रविड देशातला, कृतमाला नदीवर तर्पण करणारा. तिथे मासा म्हणजे भगवान विष्णू. म्हणजे "आमची कथा अक्षरशः खरी" म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न असा विचारायचा: कुठल्या पाठातली? मनू हिमालयाकडचा की सत्यव्रत दक्षिणेतला? अप्पांनी तो प्रश्न मनापासून घेतला. त्यांनी तिन्ही पाठ एका वहीत शेजारीशेजारी लिहून काढले. ती वही आता आमच्या बैठकीतली सगळ्यात कामाची वस्तू आहे.

आणखी एक पाहा. शतपथात ही कथा यज्ञातल्या इडा नावाच्या अर्पणाच्या प्रसंगी येते. पूर ओसरल्यावर मनू पाण्यात तूप, दही अर्पण करतो, त्यातून वर्षभराने इडा ही त्याची कन्या उपजते. तिथे सांगणाऱ्याला पुराचा अहवाल द्यायचा नव्हता, इडा कुठून आली ते सांगायचं होतं. वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी अशा गोष्टींना अर्थवाद म्हटलं: विधीचं महत्त्व पटवायला सांगितलेलं. म्हणजे "शब्दशः घेऊ नका" हे म्हणणं बाहेरून आलेलं नाही, आपल्याच घरात ते फार जुनं आहे.

नोहाच्या कथेतही असंच थांबून वाचावं लागतं. बायबलातल्या उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायात प्रत्येक जातीची एक जोडी घे असं सांगितलंय, सातव्यात शुद्ध पशूंच्या सात-सात. पाऊस चाळीस दिवस, पण पाणी जमिनीवर दीडशे दिवस. माझी मैत्रीण म्हणते की दोन परंपरा एकत्र विणल्याच्या या खुणा अभ्यासकांना दिसतात, आणि तिच्या आईला त्याच जागी देवाने दिलेल्या दोन वेगळ्या सूचना दिसतात. दोन्ही म्हणणी टेबलावर राहू द्यावीत. कुराणात ही कथा अनेक ठिकाणी येते. सूरह हूदमध्ये किश्ती जूदी डोंगरावर टेकते, बायबलातल्यासारखी अरारातवर नाही. आणि तिथे नूहचा एक मुलगा आहे, जो म्हणतो मी डोंगरावर चढून वाचेन. मग दोघांच्या मधे लाट येते.

"सगळं" हा शब्द आला की टेप काढा

माझ्या मते या वादाचं मर्म इथेच आहे.

२२ जुलैला सकाळी माझ्या बहिणीचा पुण्याहून कसाबसा फोन लागला तेव्हा मी म्हटलं, "अगं, सगळं चिपळूण बुडालं." लोटे बुडालं नव्हतं. परशुरामचा घाट कोरडा होता. चिपळूणच्याच उंचावरच्या वस्त्यांत पाणी नव्हतं. पण जिन्यावरून मला जेवढं दिसत होतं तेवढं सगळं पाणीच होतं, आणि "सगळं" हा शब्द तेव्हा शंभर टक्के खरा होता. वाशिष्ठी भरलेली, खाडीत भरती, उतरायला पाण्याला वाट नाही. त्या क्षणाचं माझं जग म्हणजे शिवनदीपासून बाजारपेठेपर्यंत.

आता शतपथातलं "सर्वाः प्रजाः" घ्या, उत्पत्तीतलं "सर्व उंच डोंगर" घ्या. सांगणाऱ्याचं "सगळं" केवढं होतं? मैत्रिणीने सांगितलं की हिब्रूत "एरेत्स" म्हणजे पृथ्वीही आणि देशही, भुईही. "सगळी एरेत्स बुडाली" याचा अर्थ दोन्हीकडे जातो. चाचा म्हणाले, "बाई, सूरह नूहची सुरुवातच बघा ना, आम्ही नूहला त्याच्या कौमकडे पाठवलं. त्याच्या कौमकडे. मग पूरही त्या कौमवरच आला असं आमचे काही उलेमा म्हणतात." त्या दिवशी भाच्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा आश्चर्य दिसलं. त्याला वाटत होतं धर्म मानणारे सगळे एकच बोलतात.

मात्र सावध राहा. न्यायशास्त्रात वाक्छलाचं जुनं उदाहरण आहे: "हा नवकंबल आहे" म्हटलं की समोरचा म्हणतो, कुठे आहेत नऊ घोंगड्या, एकच तर दिसते! "नव" म्हणजे नवी, हे कळत असूनही. "एरेत्स म्हणजे देश" हे सुद्धा दर वेळी पळवाट म्हणून वापरलं तर छलच होईल. पंधरा हात पाणी डोंगरांच्या वर चढलं, असंही तिथेच लिहिलंय, आणि ज्याला अक्षरशः मानायचंय त्याला तेही मानावं लागेल.

पाण्याचा हिशोब

ज्याचा दावा सगळ्या पृथ्वीचा आहे, त्याच्याशी आता भूगोल बोला. हा भाग सोपा आहे आणि इथे माणसं उगाच आवाज चढवतात. शांतपणे आकडे सांगा.

पृथ्वीभोवतीच्या हवेत जेवढी वाफ आहे ती सगळी एकाच वेळी पाऊस होऊन पडली आणि सगळीकडे सारखी पसरली, तर पाण्याचा थर सुमारे २५ मिलिमीटरचा होईल. बोटाच्या दोन पेरांएवढाही नाही. यावर अप्पांनी चांगला आक्षेप घेतला होता: "मग २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला तो कुठून?" हा प्रश्न कुणी विचारला तर खूश व्हा, कारण उत्तर देताना ऐकणाऱ्यालाही बरंच कळतं. वारे अरबी समुद्रावरची वाफ मैलोन् मैल ओढून आणत होते आणि तो ढग एकाच पट्ट्यावर रिता होत होता. एका जागी ९४४ पडतो तेव्हा बाकी ठिकाणी तेवढा पडत नाही. सगळ्या जगावर एकदम ओढून आणायला दुसरा समुद्र नाही.

बर्फ? अंटार्क्टिका, ग्रीनलंड, सगळं वितळलं तर समुद्र साधारण ६५ ते ७० मीटर चढेल. चिपळूणची बाजारपेठ जाईल, मुंबई जाईल, पण सह्याद्रीचे कडे उभेच राहतील. एव्हरेस्ट तर ८,८४९ मीटर. "पृथ्वीच्या पोटात पाणी सापडलंय" असंही कुणी सांगेल. खरं आहे, शेकडो किलोमीटर खोल खनिजांत पाणी आहे, पण ते खनिजाच्या घडणीत बांधलेलं. झऱ्यासारखं वर यायला ते मोकळं नाही.

आता समोरचा म्हणेल, देवाने पाणी निर्माण केलं आणि देवानेच नाहीसं केलं. इथे आकडे बंद करा. हा वेगळा दावा आहे आणि तो प्रामाणिक आहे. एवढंच विचारा: त्या पाण्याच्या खुणा राहिल्या का? "हो" म्हणाले तर पुढच्या मुद्द्याकडे चला. "खुणाही देवाने पुसल्या" म्हणाले तर मान्य करा की पुराव्याने आता दोघांनाही काही बोलता येणार नाही, आणि चहा ठेवा. मी हे मनापासून सांगतेय. पुढे ओढलेलं प्रत्येक वाक्य फक्त जखम करतं.

तारवाबद्दल थोडक्यात. मराठी बायबलात माप दिलंय: तीनशे हात लांब, पन्नास रुंद, तीस उंच. हात दीड फुटाचा धरला तर लांबी साडेचारशे फूट. १९०९ मध्ये अमेरिकेत बांधलेलं वायोमिंग हे लाकडी गलबतांतलं सगळ्यात मोठ्यांपैकी एक. त्याच्या सांगाड्याची लांबी सुमारे साडेतीनशे फूट. लोखंडी पट्ट्या मारूनही ते लाटेवर वाकायचं, फळ्यांच्या सांध्यांतून पाणी यायचं, पंप चालू ठेवावे लागत. १९२४ मध्ये ते माणसांसकट बुडालं. चाचांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी हाताने लाट करून दाखवली, मधोमध उचललेलं लाकूड दोन्ही टोकांना कसं लोंबतं ते. अक्षरशः म्हणणाऱ्याने याचं उत्तर शोधून आणावं.

गाळ खोटं बोलत नाही, पण तो वाचावा लागतो

पूर ओसरल्यावर माळ्याखालच्या फडताळात लोणच्याची एक रिकामी भरणी सापडली, गाळाने अर्धी भरलेली. मी ती फेकली नाही. सुकल्यावर उन्हात धरून पाहिली: तळाला जाड वाळू आणि कोळशाचे कण, वर बारीक रेती, सगळ्यात वर लोण्यासारखी मऊ चिखलाची साय. जड आधी बसतं, हलकं नंतर. एका पुराचा एक थर, खालून वर बारीक होत जाणारा. पंधरा विद्यार्थ्यांना मी ती भरणी दाखवलीय. प्रलयावर वाद घालणाऱ्या प्रत्येकाने असा एक थर डोळ्यांनी बघावा.

कारण असाच थर १९२९ मध्ये पुरातत्त्वज्ञ लिओनार्ड वूलीला इराकमधल्या ऊर इथे सापडला: ८ ते ११ फुटांची स्वच्छ माती, खाली वस्ती, वरही वस्ती. त्याला वाटलं, नोहाचा प्रलय सापडला. पण ऊरपासून काही मैलांवरच्या एरिडूत तो थर नाही. शुरुप्पाक इथे पुराचा थर आहे, साधारण इ.स.पू. २९०० चा, पण तो वेगळ्या काळातला. म्हणजे तिग्रिस-युफ्रेटिसच्या मैदानात मोठे पूर आले, अनेकदा आले, वेगवेगळ्या गावांत आले. सगळीकडे एकच थर मात्र मिळत नाही. प्रलय जगभर झाला असता तर तो मिळायला हवा होता.

काळाचा मेळही घालून बघा. आर्चबिशप अशरने सतराव्या शतकात बायबलच्या वंशावळ्या जोडून प्रलय इ.स.पू. २३४८ च्या सुमाराला बसवला. ती तारीख धरणाऱ्याला विचारा, तेव्हा मोहेंजोदडो आणि हडप्पा भरात होती, त्यांची घरं, गटारं, वजनं मधे तुटलेली का दिसत नाहीत? गिझाचा मोठा पिरॅमिड त्याच्याही आधीचा. अंटार्क्टिकाच्या बर्फात आठ लाख वर्षांचे थर एकावर एक आहेत आणि मधे कुठे समुद्राचं पाणी वरून गेल्याची खूण नाही. तारीख न धरणाऱ्यावर मात्र हा मुद्दा चालवू नका. पुराणांतला प्रलय तर कल्पाकल्पाला येतो, त्याला इसवी सन लावणं चुकीचंच.

"मग हिमालयात शंख-शिंपले कसे?" हा प्रश्न येणारच. आमच्या देवघरात त्याचं उत्तर आहे. शाळिग्राम. काली गंडकीच्या पात्रातला तो काळा गोटा, आतलं चक्र म्हणजे अमोनाइट या समुद्री जीवाचा अवशेष. मी रोज त्याला तुळस वाहते आणि तो समुद्रात जगलेला जीव होता हेही मला माहीत आहे. हिमालयाच्या जागी टेथिस समुद्र होता, भारताची भूमी उत्तरेला आदळली आणि तो तळ उचलला गेला. पाणी डोंगरावर चढलं नाही, तळच डोंगर झाला. अप्पा हे ऐकून बराच वेळ हातातला शाळिग्राम फिरवत राहिले, मग म्हणाले, "म्हणजे मत्स्यावताराच्या वेळचाच म्हणायचा." भाचा काहीतरी बोलणार होता, मी त्याला खुणेने थांबवलं. ते वाक्य वादाचं नव्हतं.

सारख्या कथा म्हणजे एकच घटना?

विश्वास ठेवणाऱ्यांचा सगळ्यात वजनदार मुद्दा हा: इतक्या देशांत पुराची कथा आहे, मग काहीतरी घडलं असणारच. याला हलक्यात घेऊ नका.

३ डिसेंबर १८७२ ला लंडनमध्ये जॉर्ज स्मिथने जाहीर केलं की इराकमधल्या प्राचीन निनवेच्या मातीच्या विटांवर नोहासारखीच कथा आहे: देवांचा कोप, नाव, पक्षी सोडून जमीन शोधणं. तिथल्या गिल्गमेशच्या कथेतला उत्नपिश्तीम आधी कबुतर सोडतो, मग पाकोळी, मग कावळा. नोहा आधी कावळा सोडतो, मग कबुतर. इतका बारीक सारखेपणा योगायोगाने येत नाही. एकाच खोऱ्यात सांगितली गेलेली एक कथा हातोहात गेली, हे मान्य करावंच लागतं. त्याहून जुन्या, सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीच्या एका विटेवर तर नाव गोल आहे, टोपलीसारखी, दोर गुंडाळून डांबर फासलेली, जशी त्या नद्यांवर कालपरवापर्यंत चालत असे. पण कथा पसरल्याचा हा पुरावा आहे. पाणी पसरल्याचा नव्हे.

हा फरक आमच्याच किनाऱ्यावर शिकायला मिळतो. बेने इस्रायल परंपरा सांगते की त्यांच्या पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावला फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. चित्पावनांची आख्यायिका सांगते की समुद्रातून वाहून आलेल्या चौदा प्रेतांना परशुरामाने जिवंत केलं. सात आणि सात चौदा. यावरून दोन्ही एकाच लोकांचे, असं ठोकून देणारे मला भेटलेत. मैत्रीण आणि मी दोघी त्याला हसत नाही, पण मानतही नाही. एकाच किनाऱ्यावर राहणारी, गलबतं फुटताना बघणारी माणसं एकमेकांच्या कथा ऐकतात आणि आकडे एका घरातून दुसऱ्या घरात जातात. पुरावा हवा तर दुसरीकडून आणावा लागेल.

माझी एक चूक

एका मुलाने एकदा मोबाईलवर फोटो दाखवला: तुर्कस्तानातला नावेच्या आकाराचा डोंगर, "नोहाचं तारू सापडलं". मी हसले. सगळे हसले. तो मुलगा नंतर आला नाही. ती जागा दुरुपिनार, १९५९ मध्ये हवाई फोटोंत दिसलेली, आणि भूगर्भतज्ज्ञांनी ती नैसर्गिक घडण असल्याचं सांगितलंय. हे मला तेव्हाही माहीत होतं. शांतपणे बसवून, फोटो कुणी काढला, कधी, लाकूड मिळालं का, असे तीन प्रश्न विचारले असते तर त्याने स्वतःच शोधलं असतं. आता कुणी फोटो आणला की मी आधी म्हणते, "दाखव बघू नीट," आणि तो मोठा करून सगळ्यांच्या हातात फिरवते.

विश्वास ठेवणाऱ्यांसाठीही एक. सोळाशे वर्षांपूर्वी संत ऑगस्टीनने आपल्याच लोकांना बजावलं होतं, की आकाश-पृथ्वीविषयी ज्यांना अनुभवाने कळतं त्यांच्यासमोर धर्मग्रंथाचा हवाला देऊन चुकीचं बोलू नका, त्याने ग्रंथाचीच शोभा जाते. हे मी अप्पांना आणि चाचांना दोघांना वाचून दाखवलं. दोघांनी मान हलवली.

तोच काटा आपल्या पारड्याला

दुसऱ्याच्या तारवावर बोलणाऱ्या कोकणी माणसाने परशुरामाच्या बाणाचाही हिशोब द्यावा. समुद्र मागे हटवून ही भूमी निर्माण केली, असं आपण म्हणतो. आपल्या पायाखाली जांभा आहे, त्याखाली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा कातळ. तो बाण मारून वर आलेला समुद्रतळ नाही. पण हरिहरेश्वरपासून पुढे किनाऱ्यावर करल दिसते, शिंपल्यांची आणि वाळूची जमून दगड झालेली, आज लाटा पोचतात त्याच्या वरही. समुद्र तिथे पूर्वी अधिक आत होता. आणि मुंबईत १८७० च्या दशकात प्रिन्सेस डॉक खोदताना समुद्राखाली खैराची झाडं मुळांसकट उभी सापडली. तिथे भूमी खचली होती. त्याही मागे, वीस हजार वर्षांपूर्वी, समुद्र सुमारे १२० मीटर खाली होता आणि मुंबईसमोरचा किनारा शंभर किलोमीटरहून दूर. बर्फ वितळला, तो सगळा पट्टा हजारो वर्षांत पाण्याखाली गेला. कुणाच्या तरी आजीने "पूर्वी तिथे आमचं रान होतं" असं पाण्याकडे बोट दाखवून म्हटलं असेल. ती आठवण मनूच्या कथेत आहे असं सिद्ध करता येत नाही, आणि मी तसं कधी म्हणणारही नाही. मला एवढंच मानायला जागा दिसते की पाण्याच्या काठाने राहणाऱ्यांनी खरे पूर पाहिले आणि खरं दुःख सांगितलं. सगळी पृथ्वी बुडवणारा प्रलय झाला नाही, हे माझं मत. शाळिग्राम पुढे ठेवून बसले तरी तेच.

उठायच्या आधी

बैठक दोन तासांवर नेऊ नका. ज्यांच्या घरी पुरात माणूस गेलंय ते बसले असतील तर बुडण्याचं वर्णन टाळा. २०२१ नंतर आमच्याकडे हे फार जपावं लागतं. आणि शेवटी प्रत्येकाने दुसऱ्याची कथा सांगायची, स्वतःची नाही, एक शब्दही न चिमटा काढता. गेल्या श्रावणात चाचांनी मनूचा मासा सांगितला. घडा, खड्डा, समुद्र, सगळं क्रमाने. शिंगाला दोर बांधताना त्यांनी कुठली गाठ मारली असेल तेही हाताने करून दाखवलं. अप्पांनी नूहच्या मुलाची गोष्ट सांगितली. बापाने हाक मारली, ये, आमच्याबरोबर बस. मुलगा म्हणाला, मी डोंगरावर चढेन. लाटेपाशी आल्यावर कीर्तनात कधी न अडखळणारे अप्पा थांबले. पागोळ्या पडत होत्या. चाचांनी उरलेली दोन वाक्यं हळू आवाजात पुरी केली.

पुढच्या रविवारी परशुरामाचा बाण आहे. पूर्वपक्ष भाचा मांडणार, म्हणून अप्पांनी त्याला वही घरी न्यायला दिलीय.